‘लिक्विड लावा, सात फॅन लावा, मोठा डबा घ्या’ वाल्या फॉरवर्डबद्दल

पीसी बिल्ड करणाऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेलच. थोडक्यात असा: आपल्याकडच्या उन्हाळ्यात लिक्विड कूलरशिवाय पर्याय नाही, प्रोसेसर ७० डिग्रीच्या वर गेला की त्याचं आयुष्य गेलं, कमीत कमी सात फॅन पाहिजेत, छोटं कॅबिनेट म्हणजे भट्टी, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) १००० वॅटचाच घ्या, आणि हे सगळं परवडत नसेल तर शांत पीसी विसरा नाहीतर परफॉर्मन्स तरी विसरा. खाली दोन हात जोडलेले इमोजी. हे वाचून कॉलेजची पोरं साठ-सत्तर हजाराच्या बजेटमधले बारा-पंधरा हजार कूलर आणि लाइटवाल्या फॅनवर घालतात आणि मग ग्राफिक कार्डाला पैसे उरत नाहीत, म्हणून हे लिहितोय.

आधी लिक्विडचं बघू, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात. उन्हाळ्याचा मुद्दा ऐकायला पटतो पण तो उलटाच आहे. लिक्विड कूलरमधलं पाणी प्रोसेसरची उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत (बारीक नळ्यांची जाळी) नेतं आणि तिथून ती फॅननं शेवटी खोलीतल्याच हवेत सोडावी लागते. नागपुरात मे महिन्यात खोली ३८ डिग्री असेल तर पाणीही ३८ च्या खाली जाणार नाही, फ्रीज नाहीये तो. खोली १० डिग्रीनं तापली की कूलर एअर (नुसता धातू आणि फॅनवाला) असो, लिक्विड असो, आतलं टेम्परेचर साधारण तेवढंच वर सरकतं. आणि खोलीत किती उष्णता येणार ते पीसी किती वॅट खातो त्यावर ठरतं, कूलर कोणत्या जातीचा आहे त्याचा काही संबंध नाही. (तसंही मे महिन्यात आमच्याकडे खिडकीत डेझर्ट कूलर घरघरत असतो, त्यात पीसीचा आवाज ऐकू आला तर मला कळवा. फक्त त्याच्या ओल्या झोतासमोर कॅबिनेट ठेवू नका.)

मग लिक्विडचा फायदा कुठे? इंटेलच्या १४९००के सारख्या चिपला, जी फुल लोडला २५३ वॅटपर्यंत जाते, तिथे ३६० मिलीमीटरचा रेडिएटर कामाचा आहे, मोठे रेंडर तासन्‌तास चालवणाऱ्यांनी जरूर घ्यावा. पण मेसेज ज्यांना पाठवला जातो त्यातले बहुतेक एएमडीचा रायझन ५ ७६०० प्रोसेसर किंवा त्याच्या आसपासचं काहीतरी घेणारे असतात, त्याची मर्यादा ८८ वॅट आहे. त्याच कंपनीचा ७८००एक्स३डी घेतला तरी गेममध्ये तो बहुतेक वेळ शंभर वॅटच्या बराच खाली राहतो. याला थर्मलराइटच्या पीअरलेस असॅसिनसारखा दोन टॉवरवाला (धातूच्या पट्ट्यांचे दोन उभे ठोकळे असलेला) एअर कूलर भरपूर झाला, मोठ्या लिक्विडच्या निम्म्याहून कमी पैशात येतो. आणि आवाजाचं म्हणाल तर लिक्विडमध्ये फॅन असतातच, वर पंपाची एक बारीक सततची गुणगुण, पाण्यात हवा अडकली असेल तर सुरू करताना गुळगुळ. एअर कूलरचा फॅन गेला तर बाजारातून कुठलाही बरा १२० मिलीमीटरचा फॅन आणून क्लिपनं लावता येतो, पंप गेला तर अख्खा कूलर भंगारात.

७० डिग्रीचं तर काय बोलावं. रायझन ७००० सिरीज (एक्स३डी वाल्या चिप सोडून) फुल लोडला ९५ डिग्रीपर्यंत जाऊन तिथेच चालत राहील अशीच बनवलीय, हे एएमडीनं लाँचच्या वेळीच सांगितलं होतं. इंटेलची मर्यादा १०० च्या आसपास. त्या आकड्याला पोचलं की चिप स्वतःच स्पीड कमी करते. गेम खेळताना ७५-८० दिसलं तर काहीही करायची गरज नाही. उलट आकडा ६० वर दाबून ठेवायच्या नादात लोक फॅन फुल पळवतात आणि मग म्हणतात पीसी विमानासारखा वाजतो.

आता सात फॅन. इथे मेसेजवाल्याचं थोडंसं खरं आहे, फक्त त्याला स्वतःला ते माहीत नाही. फॅनचा स्पीड निम्मा केला की हवा निम्मी होते पण आवाज ढोबळमानाने १५ डेसिबलनं पडतो. आणि एकाच्या जागी तसेच दोन फॅन लावले तर आवाज वाढतो जेमतेम ३ डेसिबल. म्हणजे एक फॅन जोरात पळवण्यापेक्षा दोन फॅन निम्म्या स्पीडवर ठेवले तर हवा तेवढीच आणि आवाज १२ डेसिबलनं कमी, हा खरोखर चांगला सौदा आहे. पण अट अशी की स्पीड तुमच्या हातात पाहिजे! स्वस्त कॅबिनेटसोबत जे लाइटवाले फॅन फुकट येतात ना, त्यातले बरेचसे एसएमपीएसमधून येणाऱ्या मोलेक्स पिनवर सरळ १२ व्होल्टला जोडलेले असतात, मदरबोर्डला त्यांचा पत्ताच नसतो, त्यामुळे तुम्ही वर्डमध्ये रिझ्युमे टाइप करत असलात तरी सातही पूर्ण वेगात. त्यात पुढचं पॅनल बंद काचेचं आणि हवा आत यायला बाजूला बोटभर फट, म्हणजे फॅन नुसते ओढत बसतात. त्यापेक्षा जाळीचं पॅनल, पुढे दोन आणि मागे एक असे तीन फॅन, तेही चार पिनांचे पीडब्ल्यूएमवाले, म्हणजे ज्यांचा स्पीड मदरबोर्ड ठरवतो, बस. चौथा-पाचवा लावून मिळणारे दोन डिग्री कुणालाही कळत नाहीत.

आणि खरी कटकट कुठे असते ते सांगतो. क्रोममध्ये टॅब उघडली की प्रोसेसर सेकंदभरासाठी ४५ वरून ६५ ला उडी मारतो आणि परत खाली येतो, फॅन त्या आकड्यामागे धावतो, म्हणून घूं... गप्प... घूं... गप्प. सलग आवाज कान विसरतो, हा चढ-उतार विसरत नाही. बायॉसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणारा मदरबोर्डचा सेटिंग मेनू) जाऊन फॅन कर्व्ह, म्हणजे किती डिग्रीला फॅन किती पळणार त्याचा आलेख, उघडा, साधारण ६५ डिग्रीपर्यंतची रेघ सपाट ठेवा, म्हणजे तिथपर्यंत फॅन एकाच हळू स्पीडला, आणि तिथेच बाजूला स्टेप-अप टाइम किंवा तत्सम नावाचं सेटिंग असतं (प्रत्येक बोर्डाचं नाव वेगळं), ते पाचेक सेकंदांवर न्या, म्हणजे क्षणभराच्या उडीमागे फॅन धावणार नाही. खर्च शून्य रुपये आणि बायॉसमध्ये दहा मिनिटं. तरी आवाज राहिला तर बाजूचं पॅनल काढून एकेका कॅबिनेट फॅनच्या मधल्या गोल भागावर, पात्यांवर नाही, हलकेच बोट ठेवून त्याला क्षणभर थांबवा, कोण ओरडतोय ते लगेच कळतं. पुष्कळदा फॅन निर्दोष सुटतो आणि आरोपी निघते जुनी ७२०० आरपीएमची हार्डडिस्क, पत्र्याला थरथर देणारी.

छोटं कॅबिनेट म्हणजे भट्टी, हा मुद्दा मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो, कारण इथे दोन्ही बाजूचे लोक अर्धंच बोलतात. २०२४ चा मॅक मिनी बघा, १२.७ सेंटिमीटरचा चौकोन, उंची ५ सेंटिमीटर, एसएमपीएससुद्धा आतच, आणि बहुतेक वेळ आवाज येतच नाही. का? कारण वॅटच कमी. आता त्याच कंपनीचा २०१३ चा मॅक प्रो घ्या, काळा दंडगोल, मध्ये त्रिकोणी हीटसिंक, वर एकच मोठा फॅन, शांत होता आणि दिसायला तर काय सुंदर. पण पुढे ग्राफिक कार्डं जास्त वॅटची झाली आणि ती उष्णता या डिझाइनमध्ये बसेना, २०१७ मध्ये ॲपलनं पत्रकारांसमोर ते कबूल केलं आणि २०१९ ला परत मोठा टॉवर आणला. म्हणजे डबा छोटा असणं हा गुन्हा नाही, डब्याच्या ऐपतीबाहेर वॅट कोंबणं हा आहे.

आपल्या बिल्डच्या भाषेत: १० लिटरच्या सँडविच कॅबिनेटमध्ये (बोर्ड एका बाजूला, ग्राफिक कार्ड त्याच्या पाठीला) कूलरला उंची फारच कमी मिळते, तिथे ६५ वॅटचा प्रोसेसर आणि ११५ वॅटचं आरटीएक्स ४०६० ग्राफिक कार्ड आरामात राहतं, ४५० वॅटचं ४०९० कोंबलंत तर ते ओरडणारच. १८ लिटरच्या एनआर२०० कॅबिनेटमध्ये तर १५५ मिलीमीटर उंचीचा टॉवर कूलर बसतो, तिथे भट्टीचा प्रश्नच कमी. छोट्या डब्यात खरा फटका बसतो तो खिशाला. छोट्या डब्यात बसणारा मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड साध्या, जरा मोठ्या मायक्रो-एटीएक्सच्या दीड-दोन पट किमतीला, रॅमचे दोनच स्लॉट, एसएफएक्स (छोट्या आकाराचा) एसएमपीएस महाग, आणि आपल्याकडच्या दुकानांत तीन-चारच ऑप्शन, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलात तरी “मागवून देतो” ऐकायची तयारी ठेवा. टेबलावर जागा असेल तर मायक्रो-एटीएक्स घ्या आणि वाचलेले पैसे कार्डात घाला, हे माझं मत.

१००० वॅटचा एसएमपीएस: ७६०० चे ८८, ४०६० चे ११५, बाकी सगळ्याचे पन्नास धरा, अडीचशे झाले. एनव्हिडिया स्वतः ४०६० ला ५५० वॅट सांगते, ४०७० ला ६५०. जास्त वॅटचा घेतला म्हणून वीजबिल वाढत नाही, हाही एक गैरसमज आहे, तो लागेल तेवढीच ओढतो. पण त्या पैशात ६५० वॅटचा चांगला गोल्ड (कमी वीज वाया घालवणारं रेटिंग) एसएमपीएस येतो, कमी लोडला स्वतःचा फॅन बंद ठेवणारा.

राहता राहिलं ‘शांत हवा तर परफॉर्मन्स सोडा’. चिप कारखान्यातून येते तीच शेवटचे दोन-चार टक्के काढायला भरमसाट वॅट जाळायच्या सेटिंगवर. ग्राफिक कार्डाची पॉवर लिमिट आफ्टरबर्नर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ८० टक्क्यांवर आणून बघा, फ्रेम थोड्याच जातात आणि फॅनचा आवाज सरळ एक पायरी उतरतो. रायझनला बायॉसमध्ये इको मोड (कमी वॅटवर चालवायचं सेटिंग) आहे, १७० वॅटच्या ७९५०एक्स प्रोसेसरलाही ६५ वॅटवर बसवता येतं. आणि मॉनिटर ७५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ७५ फ्रेम दाखवणारा, असताना गेम दोनशे फ्रेमनी पळवत असाल तर त्यातल्या सव्वाशे फ्रेम तुम्हाला पूर्ण दिसतसुद्धा नाहीत, नुसती उष्णता होते, तिथे फ्रेम कॅप (फ्रेमची वरची मर्यादा) लावा. हे फुकटचे उपाय आधी करून घ्या, मग ठरवा कूलर बदलायचाय का.