मरणाच्या भीतीने झाड फळत नाही

गोव्यातल्या साखळी गावी मावशीकडे गेलो होतो. परसातल्या तिच्या कागदी लिंबाच्या बुंध्यात पाच खिळे ठोकलेले. प्रत्येक खिळ्याखाली डिंकाचा पिवळट ओघळ, आळ्यात जाडे मीठ आणि जमिनीवर वाटाण्याएवढी लिंबे गळून पडलेली, ओंजळभर तरी असतील. मावशी म्हणाली, "अरे, व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं. सगळेच करतायत." राग आला तो मावशीचा नव्हे, तो संदेश लिहिणाऱ्याचा.

संदेश थोडक्यात असा: वाळवंटातली झुडपे पाणी नसते म्हणूनच फुलतात, कारण मरणाच्या भीतीने झाड सगळी ताकद बियांत ओतते. आपल्या सड्यावरची, म्हणजे जांभ्याच्या कातळमाळावरची, करवंदे बघा. म्हणून जानेवारीपासून पाणी तोडा, खत बंद करा, बुंध्यात खिळे ठोका म्हणजे लोहही मिळेल, आळ्यात मीठ घाला. झाड लगडेल.

वाळवंटातल्या ज्या वनस्पती पाऊस पडल्यावर घाईने फुलून, बी टाकून मरतात त्या हंगामी, एका पावसाच्या. झुडूप वर्षानुवर्षे जगायचे असते. पाणी आटले की ते पाने गाळते, वाढ थांबवते आणि पुष्कळदा फुलणेही सोडून देते. आपल्या कोरडवाहूतली बोर घ्या. उन्हाळ्यात ती पाने गाळून बसते, एप्रिल-मेमध्ये तिची छाटणी करतात आणि फूल येते ते पावसानंतरच्या नव्या फुटीवर. फूट नाही तर बोरे नाहीत.

करवंदाचे उदाहरण तर मुळातच चुकले आहे. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. सडा उन्हाळ्यात रखरखीत दिसतो, पण ते वाळवंट नव्हे. जांभ्याच्या भेगांत मुळे घालून, हिवाळाभर हिरव्या राहिलेल्या पानांनी करवंद अन्न बनवते. त्या कमाईवर ते फुलते.

झाडाची ही कमाई एकच. तीच मुळांना, फांद्यांना, फुलाफळांना पुरवायची. फळांना जास्त गेली की दुसरीकडे ओढाताण होऊ शकते, हे खरेच आहे. होसे रामोन ओबेसो यांनी २००२ साली 'न्यू फायटॉलॉजिस्ट' या नियतकालिकात या विषयावरच्या अभ्यासांचा मोठा आढावा घेतला. फळण्याची किंमत कित्येकदा वाढीतून आणि पुढच्या हंगामाच्या फुलांतून वसूल होते, आणि नर-मादी झाडे वेगळी असतील तिथे हा भार बहुधा मादीवर जास्त पडतो, असे त्यातून दिसते. जोजोबा हे असेच नर-मादी वेगळे असलेले वाळवंटी झुडूप. म्हणजे वाढ तोडून फळ वाढवणे हे पुढच्या वर्षाच्या तोंडचे काढून घेणे आहे. संदेशात त्याबद्दल चकार शब्द नाही.

आता खिळे. सालीतून पानांनी केलेली साखर खाली मुळांकडे जाते. साल जखमी केली की ती वरच अडते, आणि त्यामुळे एखाद्या वर्षी त्या फांदीला फुले जास्त येतातही. ज्यांना 'गुण आला' ते हेच सांगतात. पण तेवढ्याने मुळे उपाशी राहतात, आणि उघड्या जखमेतून बुरशी शिरते ती वेगळीच. आणि लोह? आमची जांभी माती लाल आहे ती लोहानेच. या डिचोली तालुक्यातून वर्षानुवर्षे लोहखनिज बार्जमध्ये भरून बाहेर गेले. लाकडात गंजणारा खिळा झाडाला अन्न देत नाही.

मीठ सगळ्यात वाईट. माडाला मीठ चालते, जांभ्या जमिनीत माड लावताना खड्ड्यात ते घालतातही, कारण कठीण जांभा त्याने भुसभुशीत होतो. ते बघून कोणीतरी लिंबाला लावले असणार. लिंबूवर्गीय झाडे मिठाला फार नाजूक. खारट मातीतून मुळांना पाणी ओढता येत नाही, आणि वरून पाणीही तोडलेले.

खताबद्दल मान्य, नत्र फार झाले की नुसता पाला माजतो.

आणखी एक मान्य करतो, नाइलाजाने. लिंबाला, डाळिंबाला ताण देतात, म्हणजे फुलण्याआधी काही दिवस पाणी तोडतात. बहार धरण्याची ती जुनी पद्धत आहे. पण ताण देतात तो भरल्या, निरोगी झाडाला. भारी जमिनीत जास्त दिवस, हलक्या जमिनीत कमी, आणि ठरल्या दिवशी खत-पाणी देऊन तो तोडतात. फुले येतात ती साठवलेल्या अन्नावर, आणि फळ धरल्यावर पाणी तोडत नाहीत. संदेशात ताण आहे, ताण तोडणे नाही.

मावशीच्या झाडाचे वरचे मीठ खरवडून काढले, मग आठवडाभर आळ्यात भरपूर पाणी सोडले, म्हणजे खाली मुरलेले धुपून जाईल. खिळे काढले. उरलेली लिंबेही खुडली, तेव्हा मावशी कळवळली. शेजारच्या काकूंनी तोच संदेश वाचून काजूसाठी खिळे आणून ठेवले होते. ते मी मागून घेऊन आलो.