टायको ब्राहेच्या कबरीवर ‘मूर्खासारखा मेला’ असं लिहिलेलं नाही

प्रागच्या टीन चर्चमधल्या एका तांबूस संगमरवरी शिळेचा फोटो सध्या खूप फिरतोय. सोबतचा मजकूर थोडक्यात असा : ही टायको ब्राहे या डॅनिश सरदाराची, खगोलशास्त्रज्ञाची कबर. यजमानाचा मान राखायचा म्हणून तो मेजवानीतून उठला नाही, लघवी रोखून बसला आणि तिथेच मूत्राशय फुटून मेला. म्हणून त्याच्या कबरीवर लॅटिनमध्ये कोरलंय, ‘शहाण्यासारखा जगला, मूर्खासारखा मेला’. खरा खुनी मात्र त्याचा सहायक केपलर, त्याने पारा घातला. आणि हो, टायकोचं नाक सोन्याचं होतं.

मूत्राशय फुटलं आणि विषही घातलं, असं दोन्ही म्हणणारा मजकूर लोक बिनदिक्कत पुढे पाठवतात. पण मला सर्वांत जास्त खटकतं ते कबरीवरचं वाक्य, कारण ते पडताळून पाहायला फक्त फोटो मोठा करायचा आहे.

शिळेवर टायको चिलखत घालून उभा आहे. एक हात गोलावर, दुसरा तलवारीच्या मुठीवर. चारही कडांनी अक्षरं फिरतात. ‘इसवी सन 1601, 24 ऑक्टोबर रोजी थोर आणि कुलीन टायको ब्राहे निवर्तले, क्नुडस्ट्रुपचे स्वामी, उरानिबोर्गचे प्रमुख, सम्राटांचे सल्लागार, त्यांच्या अस्थी इथे विसावल्या आहेत’ असा त्याचा अर्थ. शहाणा नाही, मूर्ख नाही. ज्या ह्वेन बेटावर त्याने उरानिबोर्ग ही वेधशाळा उभारली, ते बेट त्याने 1597 मध्येच सोडलं होतं. राजाश्रय गेला, देश सुटला, तरी परक्या शहरातल्या दगडावर त्याची ओळख त्या वेधशाळेनेच दिली आहे.

स्मारकावर त्याची दोन वचनंही आहेत. ‘एस्से पोटिउस क्वाम हाबेरी’, म्हणजे लोकांनी मानण्यापेक्षा प्रत्यक्ष तसं असावं. दुसरं, ‘नेक फास्केस नेक ओपेस, सोला आर्टिस स्केप्त्रा पेरेनांत’ : सत्ता टिकत नाही, संपत्ती टिकत नाही, टिकतो तो फक्त विद्येचा राजदंड. डेन्मार्कच्या बड्या घराण्यात जन्मलेला माणूस हे म्हणतो तेव्हा त्याला वजन असतं. दुर्बिणीचा शोध लागण्याआधी, नुसत्या डोळ्यांनी आणि स्वतः घडवून घेतलेल्या यंत्रांनी त्याने ग्रहताऱ्यांची वर्षानुवर्षं मोजमापं केली. त्याच्या कबरीच्या फोटोखाली कुणी ‘मूर्खासारखा मेला’ लिहून पाठवतं, याचा मला राग येतो.

आता मृत्यू. मेजवानी झाली 13 ऑक्टोबरला, रोझेनबर्ग या सरदाराकडे. टायको गेला 24 तारखेला. म्हणजे टेबलावर काही फुटलं नाही. तो अकरा दिवस अंथरुणाला खिळून होता. त्याने लघवी रोखून धरली हे खरं, केपलरनेच ते लिहून ठेवलंय. घरी आल्यावर लघवी होईना, मग असह्य वेदना, झोप नाही, ताप, भ्रम. वय 54. नुसतं काही तास रोखून धरल्याने निरोगी माणसाची अशी गत होत नाही. दुखणं आधीपासून असणार, असं मला वाटतं. शेवटच्या रात्री तो भ्रमात एकच म्हणत राहिला : मी व्यर्थ जगलो असं वाटू नये.

नाकाचं लवकर उरकतो. 1566 मध्ये रोस्टॉकला द्वंद्वयुद्धात नाकाचा तुकडा गेला. 1901 मध्ये कबर उघडली तेव्हा कवटीवर नाकापाशी हिरवट डाग दिसला. 2010 मध्ये पुन्हा उघडली, हाडाचा नमुना तपासला, तर तांबं आणि जस्त सापडलं. म्हणजे पितळ.

विषाची गोष्ट मात्र हवेतून आलेली नाही. 1901 साली काढून ठेवलेल्या केसांत 1990 च्या दशकात पारा जास्त आढळला आणि तिथून केपलरवर संशय गेला. म्हणूनच 2010 मध्ये डॅनिश आणि चेक संशोधकांनी दाढीचे केस आणि हाडं नव्याने तपासली. 2012 मध्ये निष्कर्ष आला : पारा आहे, पण जीव जाण्याइतका नाही. दाढीच्या केसांत शेवटच्या काही आठवड्यांची नोंद असते, आणि तिथे विषप्रयोगाची खूण नाही. टायको किमयेचे प्रयोग करायचा, त्यामुळे शरीरात थोडा पारा सापडणं स्वाभाविक आहे.

केपलर धुतल्या तांदळासारखा होता असं मी म्हणत नाही. वारसांचं लक्ष नसताना टायकोच्या नोंदी आपण ताब्यात घेतल्या, हे त्याने स्वतःच पत्रात कबूल केलंय. पण वह्या उचलणं वेगळं आणि खून करणं वेगळं. त्याच नोंदींवरून त्याने ग्रहांची कोष्टकं तयार केली, आणि 1627 मध्ये ती छापली तेव्हा मुखपृष्ठावर टायकोचं नाव घातलं.