आत्याच्या नळाला विष येत नाही

मुलुंडच्या माझ्या आत्याने गेल्या आठवड्यापासून नळाचं पाणी तोंडाला लावलेलं नाही. कारण फॅमिली ग्रुपवर आलेला व्हिडिओ. दोन ग्लास, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं (बारीक पडद्यातून क्षार गाळून काढणाऱ्या यंत्राचं). दोन्हींत धातूच्या सळ्या बुडवून वीज सोडतात. बघता बघता नळाच्या पाण्यात तपकिरी-काळा गाळ, आरओचं मात्र नितळ. खाली मजकूर: 'हे विष तुम्ही रोज पिता. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) ५० च्या वर गेला की मुतखडा ठरलेला. असल्या पाण्यात डाळसुद्धा शिजत नाही.' दोन दिवसांनी एक विक्रेता दारात आला, तोच खेळ आत्याच्या ओट्यावर केला आणि १४ हजारांची ऑर्डर घेऊन गेला.

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. घरातल्याच माणसाला असं घाबरवलेलं बघून डोकं फिरलं.

तो गाळ पाण्यातला नाहीच, सळीचा आहे. नळाच्या पाण्यात कॅल्शियम, सोडियम, बायकार्बोनेट असे आयन (विद्युतभार असलेले कण) विरघळलेले असतात, म्हणून त्यातून वीज वाहते. वीज वाहिली की लोखंडी सळी झिजते, तिचं लोह पाण्यात उतरतं आणि त्याचा गंज होतो. आरओने बहुतेक आयन काढून टाकलेले असतात. वीजच नीट वाहत नाही, तर सळी झिजणार कशी?

रविवारी आत्यासमोर करून दाखवलं. दोन लोखंडी खिळे, ९ व्होल्टची बॅटरी आणि शेजारच्यांकडून आणलेलं आरओचं पाणी. दहा मिनिटं काही नाही. मग आत्याच्याच बरणीतलं अर्धा चमचा मीठ टाकलं. एका खिळ्याभोवती हिरवट ढग उठला, हळूहळू गंजाच्या रंगावर गेला. आत्या म्हणाली, "अगं, मीठ तर मी रोज आमटीत घालते!" तेच तर! (घरी करून बघायचं तर बॅटरीवरच करा, भिंतीतल्या प्लगवर अजिबात नको.)

टीडीएसचं म्हणाल तर, पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) सरळ ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर ही स्वीकार्य मर्यादा देतं. दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत. विक्रेत्याच्याच मीटरवर आत्याचं पाणी ७४ होतं! शिवाय तो मीटर विष ओळखत नाही. तो पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो. साखर घाला, आकडा जवळपास हलणार नाही. जंतू त्याला दिसत नाहीत.

मुतखडा? पातेल्याच्या बुडाला धरलेला थर बघून पोटातही तसाच खडा होईल, असं वाटतं. पण तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा थर, पाणी तापल्यामुळे बसतो. मुतखडे बहुतेक कॅल्शियम ऑक्झलेटचे. दोन्हींत कॅल्शियम आहे म्हणून ते एक नव्हेत.

डाळीचं मात्र मान्य करावं लागेल. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम डाळीच्या पेक्टिनला (पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणाऱ्या पदार्थाला) धरून बसतं, म्हणून ती दडदडीत राहते. साबणाचा फेसही याच आयनांमुळे मरतो. यवतमाळ-चंद्रपूरकडे काही गावांत भूजलात फ्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त आहे, तिथे आरओला खरंच अर्थ आहे. पण तिथेही आधी प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्यायचं, ओट्यावर सळ्या बुडवून नाही.

आत्याच्या घरी येतं ते धरणाचं, महापालिकेने शुद्ध केलेलं पाणी. टाकीची शंका असेल तर उकळून प्या, एवढंच तिला सांगितलं. सोमवारी ऑर्डर रद्द केली. आगाऊ भरलेले २ हजार अजून परत आलेले नाहीत.