वायर आणि वायफाय एका घरात नांदत नाहीत म्हणे!

गेला महिनाभर एक मेसेज आधी आमच्या घरच्या ग्रुपवर, मग गल्लीच्या आणि शेवटी गणपती मंडळाच्या ग्रुपवर फिरतोय. त्याचा सारांश असा: घरात वायर आणि वायफाय एकत्र चालवू नका. एका राउटरवर दोन्ही लावले की स्पीड निम्मा होतो. दोन वेगळी नेटवर्कं होतात, म्हणून प्रिंटर सापडत नाही. जुना राउटर जोडला की सगळ्या घराचं नेट बंद पडतं. शिवाय वायर म्हणजे वळवाची वीज घरात ओढून आणणं. तेव्हा रिपीटर, म्हणजे वायफायचा सिग्नल ऐकून पुढं पोचवणारी डबी, घ्या आणि सुटा.

मी बेळगावात हीच जोडणीची कामं करतो. म्हणून खानापूरच्या मामांनी मेसेज वाचून रिपीटर आणला तेव्हा फोन मलाच आला. "लावलंय रे, खरं आतल्या खोलीत नेट येईना की."

आधी निम्म्या स्पीडचं बघू. वायफायमध्ये हवा सगळ्यांची एकच असते. एका चॅनलवर, म्हणजे हवेतल्या एका पट्टीवर, एका वेळी एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. वडगाव-शहापूरकडे घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. फोनवर वायफायची यादी उघडली की शेजारच्या दहा-बारा घरांची नावं दिसतात, त्यातली आपल्याच चॅनलवरची तीही त्याच रांगेत. वायरीला शेजारी नसतो. तिच्यातून जाणं आणि येणं एकाच वेळी चालतं. सोप्यातला टीव्ही आणि टेबलावरचा कॉम्प्युटर वायरीवर टाकला की तेवढी रांग कमी होते, फोनना हवा मोकळी मिळते. कनेक्शन १०० एमबीपीएसचं असेल तर ते सगळ्यांत वाटलं जाणारच. तो हिशोब कनेक्शनचा आहे, वायर आणि वायफायच्या भांडणाचा नाही.

निम्मा स्पीड होतो, पण रिपीटरमुळे. साधा रिपीटर एका चॅनलवर ऐकतो आणि तेच पुन्हा त्याच चॅनलवर बोलतो. एक निरोप हवेतून दोनदा जातो, मग वेग अर्ध्यावर येणार नाही तर काय? दोन बँडचे, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही लहरींवर चालणारे, महाग रिपीटर थोडं निभावतात. तरी मामांचं घर जांभ्याच्या चिऱ्यांचं, भिंती दीड फुटी. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल असल्या एका भिंतीतच दमतो. मामांनी रिपीटर लावला तो नेमका आतल्या खोलीत, जिथं मुळात सिग्नलच नव्हता. तो बिचारा ऐकणार काय आणि सांगणार काय!

एक गोष्ट मात्र खरी, वायर लावूनही काहींचा स्पीड वाढत नाही. केबलमध्ये आठ तारा असतात. १०० एमबीपीएसला चार पुरतात, गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, आठही लागतात. घाईत कुणी टोकाच्या पिनेत चारच तारा दाबून बसवल्या (क्रिम्प केल्या), किंवा एक तुटली, की गाडी १०० वरच अडते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबलही मिळते, ती घेऊ नका. कॅट ५ ई किंवा कॅट ६, शुद्ध तांब्याची, असं विचारूनच घ्या. १०० मीटरपर्यंत ती बिनतक्रार चालते आणि आपल्याकडचं कुठलं घर तेवढं लांब आहे?

दोन नेटवर्कांचं आणि जुन्या राउटरचं दुखणं एकच आहे, म्हणून एकत्रच घेतो. राउटरच्या पोटातच वायर आणि वायफाय एकमेकांना जोडलेले असतात. वायरीवरच्या कॉम्प्युटरला राउटरनं १९२.१६८.१.५ हा नेटवर्कातला पत्ता दिला आणि फोनला १९२.१६८.१.८, तर दोघं एकाच गल्लीत राहतात. फोनवरून वायरीवरचा प्रिंटर दिसायलाच हवा. दिसत नसेल तर बहुतेकदा फोन पाहुण्यांच्या म्हणजे गेस्ट वायफायवर असतो. ते मुद्दाम वेगळं ठेवलेलं असतं.

गडबड होते ती माळ्यावरचा जुना राउटर काढून नव्याला जोडला की. आता घरात पत्ते वाटणारे दोन, आणि दोघांचाही स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१. ज्या फोनला जुन्यानं पत्ता दिला, त्याला बाहेरची वाटही जुनाच दाखवतो, आणि त्याच्या पुढं तर रस्ताच नाही. वायफाय जोडलेलं दिसतं, नेट नाही. केबल जुन्याच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरचं नेट घ्यायच्या खाचेत, घातली तर तो आपलं वेगळं घर मांडतो, आणि मग खरंच दोन नेटवर्कं होतात. मेसेज लिहिणाऱ्यानं यातलंच काहीतरी पाहिलं असणार आणि दोष वायरीवर ढकलला.

मामांकडे मी केलं ते असं. जुना राउटर आधी एकटाच लॅपटॉपला जोडला. त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ केला, डीएचसीपी, म्हणजे त्याचं पत्ते वाटणं, बंद केलं. वायफायचं नाव आणि पासवर्ड नव्यासारखाच ठेवला. २.४ च्या बँडवर नव्याचा चॅनल १ होता, जुन्याला ६ दिला. मग सोप्यातून माजघरापर्यंत केबल ओढली आणि जुन्याच्या लॅन पोर्टमध्येच, म्हणजे घरातली यंत्रं जोडायच्या खाचेत, घातली, वॅनला हात लावला नाही. अर्ध्या तासाचं काम. परड्यातल्या न्हाणीपाशीसुद्धा मामींचा व्हिडिओ कॉल चालतो आता. एवढंच सांभाळा, की एकाच केबलची दोन्ही टोकं पोरांनी एकाच राउटरात खुपसू नयेत. निरोप आत गरागरा फिरत राहतात आणि सगळ्या घराचं नेट ठप्प होतं.

वायर आणि वायफाय दोन्ही लॅपटॉपला एकदम लावले तर स्पीड दुप्पट, असंही कुणीतरी खाली जोडलंय. होत नाही. लॅपटॉप दोहोंतली एकच वाट निवडतो, बहुधा वायरीची.

राहिली वीज. यात तथ्य आहे, पण अर्धंच. घराच्या आतल्या केबलनं काही विशेष बिघडत नाही. पण एप्रिल-मे महिन्यात वळीव कसा गडगडत येतो ते आपल्याला ठाऊक आहे. घरातून गोठ्यापर्यंत किंवा रस्त्यापलीकडच्या भावाच्या घरी तांब्याची केबल उघड्यावरून नेऊ नका. जवळपास वीज पडली की दोन्ही टोकांची यंत्रं जाऊ शकतात. तिथं वायफाय किंवा फायबर बरं. फायबरमधून प्रकाश जातो, करंट नाही. मात्र खांबावरून येणाऱ्या फायबरला आधाराला बहुतेकदा लोखंडी तार असते, ती घराबाहेरच सोडवून बांधायला सांगा. आणि राउटर जळतो तो पुष्कळदा ॲडॉप्टरच्या वाटेनं आलेल्या झटक्यानं. ती वाट तर रिपीटरलाही आहेच, तोही प्लगातच बसतो. दूर ढग वाजायला लागले की आधीच दोन्हींचे प्लग काढून ठेवा. अगदी डोक्यावर कडकडाट सुरू झाल्यावर मात्र वायरींना हात लावायला जाऊ नका.