‘डबा’च का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

एवढं सविस्तर आणि इतक्या पोटतिडकीनं लिहिलंत, आभार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: पहिल्यांदा होडी बांधणाऱ्याला मी आठ फुटी, दोन माणसांचा, सपाट तळाचा ‘डबा’ सुचवला आणि तो लाटेवर आपटतो, मरीन प्लाय (पाण्यात टिकणारं प्लायवूड) ही उधळपट्टी आहे, साधं प्लाय रंगवलं की भागतं, कोकणात गोल तळाच्या होड्या असताना परदेशी आराखडे कशाला, आणि बांधायचीच तर थेट चौदा फुटी, शिडाची का नको.

आपटतो, हे खरंच आहे. मालवणहून समुद्रात जायचं असतं तर मी हा आराखडा सुचवलाच नसता. पण पुण्यातला माणूस पहिली होडी घालणार ती धरणाच्या पाण्यात, सकाळी वारा पडलेला असताना. तिथं लाटेपेक्षा चढता-उतरताना होडी कलंडण्याची धास्ती जास्त. रुंद सपाट तळ पहिल्या झुकण्याला चांगलाच अडवतो. अरुंद गोल तळ अडवत नाही, म्हणून तर कोकणात होडीला बाजूनं उलांडी, म्हणजे आधाराचा तरंगता ओंडका, बांधतात. परंपरेचा दाखला द्यायचा तर उलांडीसकट द्या की!

शिवाय प्लायचा तक्ता एका वेळी एकाच दिशेनं वाकतो. कागदाची सुरळी होते, वाटी होत नाही, तसंच हे. गोल तळ हवा असेल तर अरुंद पट्ट्या साच्यांवर एकेक करून चिकटवा आणि मग महिनोन्‌महिने घासत बसा. नाहीतर फळ्यांचं काम, आणि त्याला हात मुरलेला सुतार लागतो. डब्याला मुळात पाच तुकडे: तळ, दोन बाजू, पुढची आणि मागची फळी. कडेला भोकं पाडून तांब्याच्या तारेनं टाके घालायचे, कर्ण मोजून होडी पिळलेली नाही ना ते बघायचं, मग एपॉक्सीत (दोन भाग मिसळले की घट्ट होणारा गोंद) लाकडाचा बारीक भुसा कालवून सांधे भरायचे आणि वर काचतंतूंची टेप. ‘ऑप्टिमिस्ट’ ही क्लार्क मिल्सनं १९४७ साली फ्लोरिडात आखलेली होडीही अशीच, सपाट तळाची आणि बोथट नाकाची. जगभरची मुलं आजही तिच्यावर शीड हाकायला शिकतात. तेव्हा ‘डबा’ म्हणा, मला राग नाही.

आता हिशेब, कारण आठ फुटांत दोन माणसं मावतील यावर तुमचा विश्वास नाही. तळ ८ फूट बाय ३ फूट धरला तर क्षेत्रफळ सुमारे २.२ चौरस मीटर. म्हणजे होडी १ सेंमी बुडाली की २२ लिटर पाणी बाजूला सरतं आणि तेवढेच, २२ किलो, पेलले जातात. दोन माणसं १४० किलो आणि होडी ४० किलो, मिळून १८०. सरळ भागाकारानं ८ सेंमीच्या जरा वर. तळाची टोकं वर उचललेली असतात, म्हणून १० ते १२ धरा. बाजू १५ इंच उंच असेल तर पाण्यावर २५ सेंमीच्या आसपास काठ उरतो. शांत पाण्याला पुरे. तिसऱ्या माणसाला मात्र काठावर उभं राहून फोटो काढू दे.

प्लायचं म्हणाल तर रंगावर माझा भरवसा नाही. होडी खडीवरून एकदा ओढली की चरा पडतो, पाणी आत शिरतं आणि साध्या कमर्शियल प्लायचा युरियाचा गोंद सुटून थर फुगतात. आयएस ७१० मध्ये, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाच्या तक्त्यात, फिनॉलचा गोंद असतो. ६ मिमीचे दोन-तीन तक्ते लागतात, तिथं काटकसर करून काय वाचणार? शिक्क्यावरही डोळे झाकून जाऊ नका. टिंबर मार्केटात एखादा कातरलेला तुकडा मागून घ्या, कडेनं मधल्या थरांत पोकळी दिसते का बघा आणि घरी पातेल्यात चार-पाच तास उकळा. (पातेलं जुनं घ्या.) थर सुटले तर दुसरं दुकान.

चौदा फुटी शिडाच्या होडीला तक्ते जोडावे लागतात, म्हणजे ६ मिमीच्या प्लायला जवळपास ५ सेंमीचा तिरका उतार रंधून काढणं आलं. वर सेंटरबोर्डची (होडी बाजूला सरकू नये म्हणून तळातून पाण्यात सोडायच्या फळीची) पेटी, म्हणजे ऐन तळालाच फट. सुकाणू आणि डोलकाठी वेगळीच. शिवाय ती बांधणार कुठे? तुम्ही सोसायटीची गच्ची म्हणालात. जिन्याचं वळण आधी मोजा.

शेवटी विचारलंत की जुलैत सुट्टी आहे, तेव्हा सुरू करू का. नका करू. ओल्या हवेत एपॉक्सीवर मेणचट थर येतो आणि तो धुऊन घासल्याशिवाय पुढचा हात बसत नाही. एप्रिल-मेमध्ये उलट त्रास: मगात कालवलेलं मिश्रण तापून ब्रश लावायच्या आत घट्ट होतं, ते पसरट ट्रेमध्ये ओतावं लागतं. दिवाळीनंतर सुरुवात करा. जुलैच्या सुट्टीत पुठ्ठ्याचं छोटं मॉडेल करा आणि जलसंपदा विभागाकडे परवानगीची चौकशी करून ठेवा, कारण ती नसेल तर होडी कितीही देखणी झाली तरी गच्चीतच राहील.