दुमडीतले दोन इंच

सोलापुरात आमच्यासाठी युनिफॉर्म हा शाळेचा विषय नव्हता, पोटापाण्याचा होता. चादर आणि टॉवेल यांच्या मागोमाग या शहराने शाळांचे कपडे शिवायला घेतले आणि आता देशभर इथून माल जातो, युनिफॉर्मचं प्रदर्शनही भरतं. पण माझ्या डोळ्यांसमोर येते ती आमची गल्ली. एप्रिल-मेच्या उन्हात घराघरांतून मशीनचा खडखडाट, उंबऱ्याशी खाकी आणि निळ्या चिंध्यांचा ढीग. आई काज-बटणाचं काम पीसवर घ्यायची. जून उजाडला की तिची बोटं मोकळी व्हायची आणि मग आमचा स्वतःचा ड्रेस शिवून व्हायचा, सगळ्यांत शेवटी.

तो ड्रेस ‘वाढत्या अंगाचा’ असायचा. स्कर्टच्या खाली चांगली दोन-अडीच इंचांची दुमड. पुढच्या वर्षी ती उसवायची, इस्त्री फिरवायची. तरी जुन्या घडीच्या जागी एक गडद रेघ राहायचीच, कारण आतलं कापड उन्हाने विटलेलं नसायचं. वर्गात निम्म्या मुलींच्या स्कर्टवर ती रेघ होती. कोणाच्या स्कर्टवर किती रेघा आहेत, यावरून तो कितव्या वर्षात आहे ते कळायचं. त्यामुळे गणवेशाने सगळी मुलं सारखी दिसतात असं कोणी म्हणालं की मला त्या रेघा आठवतात.

गेली पंधरा वर्षं मी इंग्लंडमध्ये, रेडिंगला राहते. दोन्ही मुलं सरकारी शाळेत. परवा आतेभावाचा फोन आला होता. बोलता बोलता विषय शाळेच्या गणवेशावर गेला आणि दादा म्हणाला, “तुमच्याकडे परदेशात कुठे असली भानगड? मुलांना हवं ते घालू देतात.”

दादा, कोणतं परदेश? जर्मनीत सरकारी शाळेत गणवेश नसतो, हे खरं. फ्रान्समध्येही नव्हता, तिथल्या सरकारने २०२४ मध्ये साधारण शंभर शाळांत प्रयोग म्हणून सुरू केला. आणि मी राहते त्या देशात, कायद्याने सक्ती नसतानाही, बहुतेक सगळ्या शाळांना गणवेश आहे. कोणता ते शाळेचं नियामक मंडळ ठरवतं. माझा मुलगा अकरा वर्षांचा झाला आणि माध्यमिक शाळेत गेला, तेव्हा त्याला ब्लेझर, टाय, खेळाचा शर्ट, खेळाचे मोजे असं सगळं बोधचिन्हासकट घ्यावं लागलं. मिळण्याचं ठिकाण एकच. एकटा ब्लेझर बेचाळीस पाउंडांचा. त्याच आठवड्यात सुपरमार्केटमध्ये दोन साध्या शर्टांचं पाकीट पाच पाउंडांना होतं. कापड मी हाताने चोळून पाहिलं, सवय जात नाही. फार फरक नव्हता. फरक खिशावरच्या चार सेंटिमीटरच्या भरतकामाचा.

आणि त्या ब्लेझरला दुमड नाही. बाहीच्या आत अस्तर इतकं काटकसरीने लावलेलं की उसवायला अर्धा इंचही मिळत नाही. मुलगा सहा महिन्यांत वाढला, ब्लेझर होता तेवढाच राहिला.

इथल्या लोकांनाही हे कळतं. २०२१ मध्ये गणवेशाच्या खर्चाबद्दल कायदा झाला आणि शाळांनी परवडणाऱ्या किमतीचा विचार केलाच पाहिजे असं बंधन आलं. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये संसदेत मांडलेल्या विधेयकात तर आकडाच आला: बोधचिन्हाच्या वस्तू तीनपेक्षा जास्त नकोत, माध्यमिक शाळेत टाय धरून चार. वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये गरजू घरांना कपड्यांसाठी सरकारी अनुदान मिळतं. इंग्लंडमध्ये मात्र ते स्थानिक कौन्सिलच्या मर्जीवर.

गंमत म्हणजे त्याच डिसेंबरात महाराष्ट्र सरकारनेही गणवेशाबद्दल आपला निर्णय फिरवला. २०२४-२५ साठी ‘एक राज्य, एक गणवेश’ आणला होता. आकाशी शर्ट आणि गडद निळी पँट, शिवाय स्काउट-गाइडचा दुसरा जोड. कापडाची खरेदी राज्य पातळीवर, कटिंग करून तुकडे महिला बचत गटांकडे शिलाईला. जूनमध्ये शाळा भरल्या, पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन आलं, तरी किती तरी शाळांत कपडे पोचलेच नव्हते. पोचले तिथे मापाच्या तक्रारी. शेवटी २०२५-२६ पासून अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे.

त्या वेळी बचत गटांच्या बायकांवर पुष्कळ विनोद झाले. ते मला लागले. तुकडा कापून आला की माप ठरून गेलेलं असतं. शिवणारी फार तर टाके सरळ घालू शकते. पूर्वी आमच्याकडे शिंपी टेप गळ्यात अडकवून शाळेत यायचा, मुलं रांगेत उभी राहायची, गुरुजी वहीत आकडे लिहून घ्यायचे. चौथीतला एखादा पोरगा सहावीएवढा आडवा असतो, हे मंत्रालयातल्या तक्त्याला कळत नाही, गुरुजींना कळतं.

दोन्ही देशांत चूक एकाच जागी आहे, असं मला वाटतं. तिथे राज्याने आणि इथे शाळेने कपडा मुलाच्या घरापासून लांब नेला. आईबापांच्या हातात काहीच ठेवलं नाही: कुठून घ्यायचा ते नाही, केवढा शिवायचा ते नाही, आटला तर काय करायचं तेही नाही.

समितीकडे अधिकार गेले म्हणजे सगळं सुरळीत झालं असं मी म्हणत नाही. समग्र शिक्षा योजनेत एका मुलाला वर्षाला दोन जोडांचे मिळून सहाशे रुपये. तीनशे रुपयांत कापडही आणि शिलाईही, यात काय दर्जाचं कापड बसतं ते सोलापूरच्या कुठल्याही व्यापाऱ्याला विचारा. ठरावीक दुकानदाराशी होणारी हातमिळवणीही आपल्याला नवी नाही. पण एक गोष्ट बरी झाली. पूर्वी या योजनेत मुली, अनुसूचित जाती-जमातींची मुलं आणि दारिद्र्यरेषेखालची मुलं बसायची. त्याच बाकावरचा उरलेला मुलगा जुन्या सदऱ्यात. २०२३ मध्ये राज्याने त्यालाही आत घेतलं.

तरीही मी गणवेशाच्या बाजूचीच. कारण इथला ‘नॉन-युनिफॉर्म डे’ मी पाहिला आहे. वर्षातून दोन-तीन वेळा एक पाउंड मदतनिधीला द्यायचा आणि घरचे कपडे घालून यायचं. पोरांना केवढा आनंद! माझ्या मुलीला मात्र आदल्या रात्री झोप नाही. पलंगावर चार टॉप मांडून बसली होती. तिच्या वर्गातली एक मुलगी त्या दिवशी नेमकी आजारी असते. दर वेळी. शिक्षिकेच्या लक्षात आलं असेल, तिने काही म्हटलं नाही, मीही नाही.

गणवेशाचा दुसरा वाद धर्माचा. कर्नाटकातलं हिजाबचं प्रकरण २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायाधीशांच्या दोन मतांवर येऊन अडलं. ब्रिटनने हे प्रश्न आधी पाहिले आहेत. १९८३ मध्ये एका शीख मुलाच्या पगडीच्या बाजूने निकाल लागला. २००६ मध्ये ल्यूटनच्या शाळेतली मुलगी जिलबाब नावाच्या अंगभर झग्यासाठी लढली आणि हरली, पण त्या शाळेत सलवार-कमीज आणि शाळेच्या रंगाचा हेडस्कार्फ आधीपासूनच चालत होता. माझ्या मुलीच्या शाळेच्या यादीतही हेडस्कार्फ आहे, नेव्ही ब्लू, टायच्या खालच्या ओळीत. यादीत एक ओळ वाढली की किती भांडणं वाचतात, हे इथे राहून कळलं. बाकी इंग्रज फार शहाणे असं नाही. २०१७ च्या उन्हाळ्यात एक्सेटरच्या एका शाळेने मुलांना हाफ पँट घालू दिली नाही, तेव्हा मुलगे सरळ स्कर्ट घालून आले, नियमात बसत होता म्हणून. आमच्या गल्लीतली पोरं फुल पँटसाठी रडायची!

गेल्या महिन्यात मुलाच्या शाळेचं पत्र आलं. सप्टेंबरपासून ब्लेझर कुठूनही घेतला तरी चालेल. फक्त काळा हवा, आणि शाळेकडून बिल्ला विकत घेऊन खिशावर शिवायचा. मी आईला फोनवर सांगितलं. तिने आधी कापड कोणतं ते विचारलं, मग म्हणाली, “खांदा किती, बाही किती, मोजून सांग. आणि बिल्ला आधी इकडे पाठवू नकोस, तूच लाव. खिसा वर-खाली होतो.”

मी टेप शोधून मुलाला उभं केलं. बाही बावीस इंच.

“चोवीस धरते,” आई म्हणाली. “दोन इंच आत दुमडते.”