मशीनची यादी बघून विभाग निवडू नका

बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी किंवा पीएचडी करायला निघालेल्या मुलामुलींना कळकळीने सांगतेय. रेणूंचं वस्तुमान मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर, मिश्रणातले घटक कॉलम नावाच्या भरीव नळीतून वेगळे करणारं एचपीएलसी, उणे ८० अंशांचा फ्रीजर हे सगळं माहितीपत्रकात असतंच. त्या मशीनला विद्यार्थ्यांचा हात लागतो का, ते विचारा. बुकिंगचं रजिस्टर दाखवा म्हणा आणि त्यात कोणाची नावं आहेत ते बघा.

कित्येक ठिकाणी महागडं उपकरण कुलपात असतं. विद्यार्थी सॅम्पल ठेवून येतो, काही दिवसांनी आलेख मेलवर मिळतो. तो थीसिसमध्ये लागतोही. पण मुलाखतीत ‘रन चालू असताना कॉलमचं प्रेशर अचानक वाढलं तर?’ असं विचारलं की तोंडून शब्द फुटत नाही. फ्लो थांबवायचा, सॅम्पल गाळलं होतं का ते तपासायचं, बफरमधलं मीठ सॉल्व्हंटमध्ये खाली बसलंय का ते बघायचं, मुख्य कॉलमच्या आधीचा छोटा गार्ड कॉलम काढून पुन्हा प्रेशर बघायचं. हे नुसतं वाचून येत नाही.

प्रथिन शुद्ध करणंच घ्या. ई. कोलाय या जीवाणूत जीन घातलं, ते चालू करणारं आयपीटीजी हे रसायन टाकलं, आणि प्रथिनं वेगळी करून दाखवणाऱ्या जेलवर बघावं तर सगळं प्रथिन न विरघळता गाळात! मग ३७ ऐवजी १८ अंशांवर वाढवायचं, आयपीटीजी कमी करायचं, प्रथिनाला जोडलेला टॅग, म्हणजे छोटा तुकडा, बदलून बघायचा. एकदाचं ते द्रावणात आलं की कोल्ड रूममध्ये कुडकुडत टॅगला धरून ठेवणाऱ्या निकेलच्या कॉलमवरून उतरवायचं, प्रथिन बाहेर येतंय हे दाखवणारा २८० नॅनोमीटरचा पीक चढताना बघत. जैविक औषधं बनवणाऱ्या बायोफार्मा कंपन्यांत प्रोसेस डेव्हलपमेंटला हेच काम असतं, फक्त फ्लास्कच्या जागी फर्मेंटर, म्हणजे जीवाणू वाढवायची मोठी टाकी, येतो. जीवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन १९८२ मध्ये औषध म्हणून मंजूर झालं, तेव्हापासून या कामाला मागणी आहे.

विभाग लहान असला तरी काही दारं उघडी आहेत. प्रथिनांच्या प्रयोगाने शोधलेल्या त्रिमितीय रचनांचा साठा असलेली, १९७१ मध्ये सुरू झालेली प्रोटीन डेटा बँक सगळ्यांना मोफत आहे. अल्फाफोल्ड या एआय प्रणालीने वर्तवलेल्या २० कोटींहून जास्त रचनाही मोफत मिळतात. त्या वाचायला शिका, पण प्रयोगशाळेत हाताने केलेल्या प्रयोगांना तो पर्याय समजू नका.

आणि कंपनीत गेलं म्हणजे संशोधन सोडलं, ही समजूत तर मला अजिबात पटत नाही. कॅरी मुलिस यांना पीसीआरची, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याच्या पद्धतीची, कल्पना १९८३ मध्ये सुचली ती सीटस या बायोटेक कंपनीत असताना. १९९३ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. पीएचडी होणाऱ्यांच्या मानाने प्राध्यापकपदं फार थोडी आहेत, हे पहिल्याच वर्षी स्पष्ट सांगायला हवं. क्वालिटी कंट्रोल, डायग्नोस्टिक्स, डिटर्जंटमधली एन्झाइम्स, पेटंट, औषधांच्या मंजुरीचं रेग्युलेटरी काम या वाटांची ओळख शेवटच्या सहा महिन्यांत घाईघाईने करून देण्यात काय अर्थ आहे?

मार्गदर्शकांनाही विनंती आहे. ट्रेनिंग द्या आणि मशीन मुलांना स्वतः लावू द्या. एखादा कॉलम खराब होईल, तो खर्च बजेटमध्ये आधीच धरा.